छोटा कॅमेरा घेताना उजेड मोजा

दुकानातल्या काचेमागे ठेवलेल्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत एक आकडा असतो : १६, २०, हल्ली तर ४८ किंवा ६४ मेगापिक्सेल. त्याखालोखाल झूमचा आकडा. घेणारा हे दोन आकडे आणि किंमत यांची सांगड घालतो, कमी पैशांत मोठा आकडा मिळाला म्हणून खूश होऊन घरी येतो. मग घरातल्या बारशाचे, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काढलेले फोटो पाहताना हिरमोड होतो. बाळाचा हात हललेला, आत्याचा चेहरा पुसट, मागची भिंत रव्यासारखी दाणेदार. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्याच्यात पुरेसा उजेड शिरतच नाही, आणि ही गोष्ट खोक्यावर ठळक अक्षरांत कुणी छापत नाही.

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली जगभरात बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले गेले. त्यांतले दहापैकी जवळपास नऊ लेन्स न बदलता येणारे, म्हणजे मुख्यतः खिशात मावणारे होते. २०२३ साली त्या गटाचा आकडा सुमारे १७ लाखांवर आला. हा धंदा फोनने खाल्ला, हे उघडच आहे. अलीकडे मात्र छोट्या कॅमेऱ्यांना पुन्हा मागणी आहे. कॉलेजची मुले कपाटात पडून राहिलेले आईबाबांचे जुने कॅमेरे बाहेर काढत आहेत. काही पालकांना मुलांच्या हाती फोन द्यायचा नाही, पण फोटोची हौस पुरवायची आहे. मागणी आली, पण स्वस्त नवा कॅमेरा बनवणाऱ्या नामांकित कंपन्या मोजक्याच उरल्या. त्यामुळे जुन्या कॅमेऱ्यांचे भाव चढले आणि रिकाम्या जागेत नाव-गाव नसलेल्या, खेळण्यासारख्या कॅमेऱ्यांची ऑनलाइन गर्दी झाली. दहा-पंधरा हजारांपर्यंतच हात पोचणाऱ्याची फसगत होण्याची शक्यता आज पूर्वीपेक्षा जास्त आहे.

फोन असताना कॅमेरा कशाला?

हा प्रश्न आधी सोडवलेला बरा. मध्यम किमतीच्या आजच्या फोनमधला मुख्य कॅमेरा बटण एकदा दाबले तरी अनेक फोटो पाठोपाठ टिपतो, ते एकावर एक बसवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ फोटोंची सरासरी घेतली की त्यातला दाणेदारपणा तिसऱ्या हिश्श्यावर येतो. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यात ही हुशारी नसते किंवा फार थोडी असते. म्हणून अंधुक उजेडात, हलवाहलव नसलेल्या दृश्यात, बरा फोन स्वस्त कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो. जवळ चांगला फोन असेल आणि फोटो फक्त जेवणाच्या ताटाचे आणि सेल्फीचे काढायचे असतील, तर हे पैसे वाचवावेत.

छोटा कॅमेरा सरस ठरतो तो दुसऱ्या काही ठिकाणी. त्याची लेन्स खरोखर पुढे-मागे सरकते, त्यामुळे दूरचा पक्षी किंवा रंगमंचावरचा मुलगा चित्र न फाटता जवळ येतो. त्याचा फ्लॅश झेनॉन वायूचा असतो. तो साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात लखलखतो आणि अंधारात नाचणाऱ्या मुलालाही जागच्या जागी टिपतो. फोनचा एलईडी दिवा त्यापुढे पणतीसारखा. मनगटात दोरी अडकवता येते. आणि त्याच्यावर निरोप येत नाहीत. आजोबांच्या हातात किंवा दहा वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायला ही शेवटची गोष्ट लहान नाही.

डोळ्याला किती ठिपके दिसतात?

मेगापिक्सेल म्हणजे फोटोतल्या ठिपक्यांची संख्या, दहा लाखांत मोजलेली. ती किती हवी, हे कॅमेऱ्यावर नव्हे, पाहणाऱ्या डोळ्यावर ठरते. नेत्रतपासणीत ज्याला '६/६ दृष्टी' म्हणतात, तो डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखतो. फोटो हातात धरून तीस सेंटिमीटरवरून पाहिला, तर हे अंतर भरते मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या हिश्श्याएवढे. म्हणजे एका इंचात सुमारे ३०० ठिपके. त्याहून दाट ठिपके छापले तरी डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत. छपाईत इंचाला ३०० ठिपक्यांचे माप चालते, ते डोळ्याच्या या मर्यादेशी असे जुळते.

आता हिशेब सोपा आहे. अल्बममध्ये लावायच्या ६ बाय ४ इंचांच्या फोटोला १८०० गुणिले १२०० ठिपके पुरतात. म्हणजे २२ लाखांच्या आत. ए-४ कागदभर मोठी प्रत काढायची तर सुमारे ८७ लाख. घरातल्या फोर-के टीव्हीचा पडदाही ८३ लाख ठिपक्यांचाच असतो. कडेचा थोडा भाग कापायची सोय धरली, तरी १० ते १२ मेगापिक्सेलमध्ये घरगुती माणसाचे सगळे भागते. चाळिशी उलटल्यावर जवळचे दिसायला चष्मा लागतो, तेव्हा तर हा हिशेब आणखी सैल होतो! त्यापुढच्या आकड्यासाठी मोजलेले पैसे डोळ्यापर्यंत पोचत नाहीत.

वाटी आणि परात

पावसात अंगणात एक वाटी आणि एक परात ठेवली, तर तेवढ्याच वेळात परातीत जास्त पाणी जमते. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे प्रकाश जमा करायचे असेच भांडे. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशकण पडतात आणि इलेक्ट्रॉन सुटे करतात. ते मोजले की फोटो होतो. बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या सीसीडीला २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक कॅमेऱ्यांत सीमॉस जातीचा सेन्सर असतो. तत्त्व तेच.

प्रकाशकण मात्र पावसाच्या थेंबांसारखेच बेशिस्त पडतात. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडणार असतील, तर कधी ९० पडतात, कधी ११०. ही चूक कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. म्हणजे १०० कणांमागे १०, दहा टक्के. पण १० हजार कणांमागे १००, फक्त एक टक्का. अंधारात काढलेल्या फोटोतली दाणेदार भिंत ही यंत्राची खराबी कमी आणि उजेडाची टंचाई जास्त. कुठल्याही कंपनीला निसर्गाच्या या वर्गमुळातून सुटका नाही. उपाय एकच : जास्त प्रकाश गोळा करणे.

बहुतेक स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत '१/२.३ इंच' म्हणून ओळखला जाणारा सेन्सर असतो. त्याची खरी मापे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. 'एक इंच' म्हणवणारा सेन्सर १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटरचा. म्हणजे चौपट क्षेत्रफळ. (या दोन्ही नावांतला इंच कुठेही पट्टी लावून सापडत नाही. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्यांचा बाहेरचा व्यास इंचांत सांगत; नळीच्या आत चित्र पडे ती जागा त्याहून बरीच लहान असे. नळ्या गेल्या, नावे राहिली. ग्राहकाला गोंधळात टाकण्याचे काम ती अजून चोख करतात.) या दोहोंच्या मधला '१/१.७ इंच' सेन्सर लहानाच्या दीडपट असतो.

भांडे तेवढेच ठेवून त्यात जास्त वाट्या कोंबल्या, की प्रत्येक वाटी लहान होते. २० मेगापिक्सेलच्या छोट्या सेन्सरवर एका ठिपक्याची रुंदी जेमतेम १.२ मायक्रॉन भरते. आणि इथे प्रकाशाचा आणखी एक गुणधर्म आड येतो. प्रकाश ही लाट आहे. लेन्सच्या छिद्रातून जाताना ती थोडी पसरते, त्यामुळे कितीही उत्तम लेन्स असली तरी एक बिंदू एका छोट्या चकतीसारखा उमटतो. अशा कॅमेऱ्याच्या नेहमीच्या लेन्समध्ये ही चकती सुमारे ४ मायक्रॉनची असते, झूम पूर्ण ताणला की ८ मायक्रॉनच्या पुढे. म्हणजे एकच बिंदू तीन ते सात ठिपके व्यापून बसतो. खोक्यावरचे २० मेगापिक्सेल खरे असतात, पण त्यातला मोठा हिस्सा तोच तो पसरट बिंदू पुन्हा पुन्हा मोजण्यात जातो.

कंपन्यांना हे ठाऊक होते. कॅननचा २००८ मधला जी-१० कॅमेरा १४.७ मेगापिक्सेलचा होता. पुढच्याच वर्षी आलेल्या जी-११ मध्ये कंपनीने हा आकडा १० वर आणला. नव्या मॉडेलचा आकडा जुन्यापेक्षा कमी, असे या धंद्यात क्वचित घडते. अंधुक उजेडातले फोटो सुधारावेत, हा त्यामागचा हेतू होता. त्याच वर्षीचा त्याच घरातला खिशात मावणारा एस-९०, किंवा पॅनासॉनिकचा २००८ मधला एलएक्स-३, हे दोन्हीही १० मेगापिक्सेलचेच. आज जुन्या बाजारात हे कॅमेरे दिसले, तर १० हा आकडा पाहून नाक मुरडू नये.

नळ किती मोठा?

भांड्याबरोबर नळही पाहावा लागतो. लेन्सच्या कडेवर 'एफ' किंवा '१:' यापुढे ३.२–६.४ असे बारीक आकडे कोरलेले असतात. इथे आकडा लहान तितके छिद्र मोठे. पहिला आकडा झूम न करता, दुसरा झूम पूर्ण ताणल्यावर. ३.२ ऐवजी १.८ असेल तर सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर तिप्पट उजेड पडतो. हे कोरीव आकडे विक्रेते क्वचितच दाखवतात, पण पूर्ण कॅमेऱ्यावरची सर्वांत कामाची माहिती तीच.

घरातल्या संध्याकाळच्या उजेडात याचा अर्थ काय होतो? साधारण १०० लक्स उजेड, आयएसओ ४०० आणि एफ ३.२ असेल, तर फोटोला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्या वेळात सेकंदाला एक मीटर वेगाने हलणारा मुलाचा हात साडेसहा सेंटिमीटर सरकतो. फोटो हलणारच. एफ १.८ असेल तर सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. सोनीच्या २०१२ मधल्या पहिल्या आरएक्स-१०० कॅमेऱ्यात एक इंची सेन्सर आणि एफ १.८ ची लेन्स दोन्ही एकत्र आले. झूम न करता तो साध्या स्वस्त कॅमेऱ्याच्या सुमारे बारापट प्रकाश गोळा करतो, तोही शर्टाच्या खिशात राहून. त्यामुळे चांगल्या अवस्थेतला, दहा-बारा वर्षे जुना, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा बजेटमध्ये मिळत असेल तर नव्या कोऱ्या छोट्या सेन्सरपेक्षा तोच घ्यावा. नव्याचा वास दोन दिवसांत जातो, फोटो राहतात.

झूमचे थोडक्यात सांगता येईल. 'डिजिटल झूम' हा शब्द दिसला की तो आकडा शून्य समजावा. तो फोटोचा मधला भाग कापून फुगवण्याचा प्रकार आहे, घरी संगणकावर फुकट करता येतो. 'ऑप्टिकल' झूमच खरा. पण ५ एक्स म्हणजे फक्त गुणोत्तर. सुरुवात कुठून होते तेही पाहावे. लेन्स २४ मिलिमीटरपासून सुरू होत असेल तर तीन मीटर मागे सरकून साडेचार मीटर रुंदीचा घोळका फोटोत मावतो. ३५ पासून असेल तर फक्त तीन मीटर, आणि दोन्ही टोकांचे काका-मामा कापले जातात. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्यांना मागे सरकायला जागा नसते, तेव्हा दूरचे ओढणाऱ्या झूमपेक्षा जवळचे मावून घेणारी २४ किंवा २८ ची सुरुवात जास्त उपयोगी.

हात स्थिर नसणे हाही दोष मानायचे कारण नाही. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा सूक्ष्म थरथरतो. वय वाढले की काहींचा जास्त. झूम ताणला की ही थरथर तितक्याच पटीने मोठी दिसते. म्हणून कॅमेऱ्यात 'ऑप्टिकल' स्थिरीकरण असावे, म्हणजे आतली लेन्स किंवा सेन्सर हाताच्या उलट दिशेने हलून तोल सांभाळतो. ज्येष्ठांसाठी घेताना यावर तडजोड करू नये. एवढेच की स्थिरीकरण फक्त काढणाऱ्याचा हात सावरते, पळणाऱ्या नातवाला थांबवत नाही.

फ्लॅश आणि बाळाचे डोळे

अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा उजेड चौथाई होतो. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंत काम करतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात पंधरा मीटरवरून मारलेला फ्लॅश रंगमंचावर पंचविसाव्या हिश्श्याने पोचतो. म्हणजे पुढच्या रांगेतल्या डोक्यांचे मागचे केस तेवढे छान उजळतात. अशा वेळी तो बंद ठेवावा.

खिशात मावावा म्हणून या कॅमेऱ्यांत फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असतो. त्यामुळे तो अंधाराने विस्फारलेल्या बाहुलीतून सरळ आत शिरतो, डोळ्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरावरून परततो आणि थेट लेन्समध्ये येतो. फोटोत डोळे लाल दिसतात ते यामुळे. हा लाल रंग दिसायला वाईट, पण तो डोळ्यातला मार्ग मोकळा असल्याची खूण आहे. साध्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्याला इजा होते, ही भीती घरोघरी असते. तसा पुरावा नाही.

काळजी करायची ती लालऐवजी पांढरी किंवा पिवळसर चमक दिसली तर. पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो. लवकर सापडला तर जीव वाचतो, पुष्कळदा डोळा आणि दृष्टीही वाचते. उशिरा सापडला तर दोन्ही धोक्यात येतात. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ब्रायन शॉ यांच्या मुलाला हा आजार झाला, तेव्हा त्यांनी घरातले हजारो फोटो एकेक करून तपासले. पांढरी चमक मूल अवघे १२ दिवसांचे असतानाच्या फोटोत उमटलेली होती. २०१३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे इतर मुलांच्या फोटोंसह शोधनिबंधात मांडली. पुढे त्यांच्या गटाने फोटोंमध्ये ही चमक शोधणारे अ‍ॅप केले. २०१९ मध्ये ४० मुलांच्या सुमारे ५३ हजार फोटोंवर त्याची चाचणी झाली. डोळ्याचा आजार असलेल्या २० मुलांपैकी १६ जणांच्या फोटोंत चमक सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत ती निदान होण्याच्या सरासरी सव्वा वर्ष आधीच्या फोटोंत होती.

एका फोटोत एका डोळ्यात पांढरे दिसले म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. मूल कडेला पाहत असेल तर उजेड डोळ्यातल्या मज्जातंतूच्या पांढऱ्या टोकावरून परततो आणि निरोगी डोळाही पांढरा चमकतो. मोतिबिंदू किंवा पडद्याचे इतर आजारही असे दिसतात. पण तीच चमक पुन्हा दिसली, किंवा डोळा तिरळा वाटू लागला, तर वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांना फोटो दाखवून बाहुली मोठी करून तपासणी करून घ्यावी. आणि उलट बाजूनेही सांगायला हवे : फोटोत सगळे लाल दिसले म्हणजे डोळा ठीक, असे प्रमाणपत्र कॅमेरा देत नाही.

कॅमेरा निवडताना याचा संबंध येतो तो असा. 'रेड आय' घालवणारी सोय आधी छोटा झोत मारून बाहुली आकुंचित करते किंवा नंतर डोळ्यात काळा रंग भरते. या दोन्हींमुळे खूण लपू शकते. घरात लहान मूल असेल तर ही सोय मेनूमध्ये बंद करता येते का, हे घेण्याआधी पाहावे.

जुना घेताना

निनावी ४८ किंवा ६४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांबद्दल एवढेच पुरे, की त्यांतल्या अनेकांत फोकस जागचा हलत नाही, सेन्सर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासारखा क्षुल्लक असतो आणि मधले ठिपके गणिताने भरून आकडा फुगवलेला असतो. त्यावर '१६ एक्स डिजिटल झूम' असे अभिमानाने लिहिलेलेही सापडते. पाच वर्षांच्या मुलाला खेळायला द्यायला ठीक.

नामांकित जुना कॅमेरा घेताना मात्र दुकानात दहा मिनिटे मोडायला हरकत नाही. झूम तीन-चार वेळा आत-बाहेर करावा. करकर आवाज आला किंवा लेन्स अडखळली तर आत वाळू किंवा गुलाल गेलेला असण्याची शक्यता. ही सरकती लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते, त्यामुळे समुद्रकिनारा आणि विसर्जनाची मिरवणूक या तिच्या मुळावर येणाऱ्या जागा. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहावा : काळे डाग म्हणजे आतली धूळ. लेन्सवर हात ठेवून काढलेल्या काळ्या फोटोत रंगीत टिकल्या दिसल्या तर सेन्सरचे काही ठिपके मेलेले आहेत. बॅटरीच्या झाकणाची खिटी तुटलेली नसावी. बॅटरी फुगलेली असेल तर ती चार्ज न करता ई-कचऱ्यात द्यावी आणि बदली बॅटरी बीआयएसचे चिन्ह असलेलीच घ्यावी. स्वस्त बॅटरी पेट घेते तेव्हा ती कॅमेऱ्याचे मॉडेल विचारत नाही. मेमरी कार्डाचाही प्रश्न असतो. सोनीच्या जुन्या मॉडेलांना मेमरी स्टिक लागते, ऑलिम्पस आणि फुजीच्या काहींना एक्सडी कार्ड, आणि ती आता कॅमेऱ्याच्या मानाने महाग पडतात. एसडी कार्डाचे कॅमेरेही फार जुने असतील तर २ जीबीच्या, त्यानंतरचे ३२ जीबीच्या वरचे कार्ड वाचत नाहीत. 'जुन्या सीसीडीचे रंग फिल्मसारखे' हे ऐकून जादा पैसे मोजू नयेत. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत गाळण्या आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया यांवर. त्या प्रसिद्ध जुन्या रूपात फ्लॅशचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे सर्वांत आधी पाहायची गोष्ट मात्र बुरशी. मुंबई आणि कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे जाते. बंद कपाटात, कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत पडून राहिलेल्या कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशीला वाढायला एवढे पुरते. कॅमेरा चालू करून लेन्स बाहेर आली की फोनची बॅटरी तिरकी धरून काचेत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. बुरशीतून सुटणारे आम्ल काचेवरचा लेप खाते, आणि छोट्या कॅमेऱ्याची लेन्स उघडून साफ करण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो.

चांगला मिळालेला कॅमेरा जून ते सप्टेंबर पिशवीतून काढून, बॅटरी वेगळी करून, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावा, आणि आठवड्यातून एकदा काढून दोन-चार फोटो घ्यावेत. जेलचे निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पुरेसा ओलावा पिऊन घेतला; तापवले की ते पुन्हा निळे होतात. हा निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर नारिंगीचे हिरवे होणारे खडे मागून घ्यावेत, आणि कुठलेही खडे तापवायला स्वयंपाकाची कढई वापरू नये.